पाचशेच्या आत बडोदा

कुणी गावाहून आलं की आमचे भाऊसाहेब आधी चष्मा कपाळावर चढवायचे. मग खुर्ची जराशी मागं सरकवून हळूच विचारायचे, "कितीला पडलं?"

दर्शन नीट झालं का, खाण्यापिण्याचे हाल तर नाही झाले, असले फालतू प्रश्न त्यांना पडत नसत. आपण रेल्वेच्या तिकिटाचा आकडा सांगायचा. ते डोळे मिटून घ्यायचे, ओठ हलायचे. मग डोळे उघडून, घरात चोरी झालेल्या माणसाकडं बघावं तसं आपल्याकडं बघत म्हणायचे, "लुटलं तुमाला."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात, आणि तुमचं तिकीट महाग पडलेलं आहे.

जिंतूरच्या आमच्या हायस्कुलात ते वरिष्ठ लिपिक होते. आमच्याकडं शाळेतल्या कारकुनाला भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळं त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. मी त्याच शाळेत भूगोल शिकवतो. बावीस वर्षं भिंतीवर देशाचा नकाशा टांगून पोरांना नद्या दाखवल्या. पण कुठल्या गावाहून कुठल्या गावाला कसं जायचं हे विचारायचं तर शिक्षकसुद्धा मला ओलांडून ऑफिसात जायचे. याचा माझ्या मनात राग होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना ते ध्यानात असू द्या.

गंमत म्हणजे आमच्या जिंतूरला रेल्वेच नाही. इंजिनाची शिट्टी ऐकायची तरी एसटीत बसून परभणी गाठावी लागते. अशा गावात बसून या माणसानं साऱ्या देशाच्या गाड्या पाठ केल्या होत्या. टेबलाच्या खणात एक जुनं वेळापत्रक, त्याला पाठ्यपुस्तकासारखं खाकी कव्हर. मोबाइलमध्ये तीन-तीन ॲपं. एखाद्याचं सेवापुस्तक शोधायला त्यांना आठवडा लागे. पण शुक्रवारी दुपारी निघून सोमवारी-मंगळवारी शाळेत हजर, अशा बेतानं कुठलंही लांबचं गाव सांगा, चहा थंड व्हायच्या आत स्वस्तातला रस्ता तयार असायचा.

मी आईला घेऊन पुरीला जाऊन आलो तेव्हाची गोष्ट. आईची फार वर्षांची इच्छा होती. प्रसाद द्यायला ऑफिसात गेलो. भाऊसाहेबांनी प्रसाद कपाळाला लावला, तोंडात टाकला, आणि चष्मा वर गेला. मी आकडा सांगितला.

"तिकिटाचे तुकडे कामून केलेत, सर?" ते कळवळून म्हणाले. "नागपूरपस्तोर एक, पुढं एक. आवो, रेल्वेत लांबचं एकच तिकीट सस्त पडतंय. भूगोलाच्या मास्तरला येवढं म्हाईत नसावं?"

घरी येऊन मी हे आईला सांगण्याचा गाढवपणा केला. त्यानंतर महिनाभर आई शेजारणींना जगन्नाथाचं सगळं वर्णन करायची आणि शेवटी म्हणायची, "दर्शन ब्येस झालं, पर आमाला महाग पडलं."

ऑनलाइन तिकिटाला वर चार पैसे जास्त लागतात, हे भाऊसाहेबांना सोसतच नसे. तिकीट काढायचं ते खिडकीवर. खिडकी परभणीला. मग तिथवर जायचं कुणी? एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि हा प्रश्न सुटला. गावोगावच्या बाया त्या सवलतीत माहेरी जाऊन आल्या, लेकीबाळींना भेटून आल्या. आमच्या वहिनी रिझर्वेशनच्या खिडकीवर गेल्या.

वहिनी म्हणजे भाऊसाहेबांच्या मंडळी. शांत बाई. हातात कापडी पिशवी, पिशवीत नवऱ्यानं सुवाच्य अक्षरात भरून दिलेले फॉर्म. ते त्यांच्या घरचे नसत. शाळेतल्या मास्तरांचे, गल्लीतल्या लोकांचे. एकदा त्यात माझाही होता. मी ओशाळून म्हटलं, "वहिनी, तुम्हाला उगाच त्रास."

"तरास कशाचा, सर?" त्या म्हणाल्या. "तुमी लोक गावं बघून येता, मी खिडकीपस्तोर तरी जाते."

मला हे फार मजेदार वाटलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये वहिनींच्या आवाजात सांगून मी चांगला हशा मिळवला.

एकदा माझ्या मेहुण्याला सोडायला मी आणि भाऊसाहेब परभणी स्टेशनावर गेलो. मी फलाटाचं तिकीट मागणार तेवढ्यात भाऊसाहेबांनी माझा हात धरला. "दहा रुपयात निस्तं हुबं ऱ्हायचं का? तेवढ्यातच पिंगळीचं तिकीट येतंय." पिंगळी म्हणजे पुढचं स्टेशन. आम्ही पिंगळीची दोन तिकिटं खिशात घालून फलाटावर उभे राहिलो. पिंगळीला आमचं काहीही काम नव्हतं. पण मनात आलं तर जाता येईल, एवढ्यावर भाऊसाहेब दिवसभर खूश होते.

एक गोष्ट सांगितली नाही तर मला पाप लागेल. येलदरीची एक बाई आमच्या बाजारात मासे विकायची. तिच्या नवऱ्याला कॅन्सर निघाला, दर महिन्याला मुंबईला न्यायचं. भाऊसाहेबांनी सवलतीचा फॉर्म मिळवला, डॉक्टरचा शिक्का कुठं लागतो ते बघितलं, आणि दर खेपेला रजा टाकून स्वतः खिडकीवर उभे राहिले. नवऱ्याचं तिकीट फुकटात, तिचं नावाला. बाईनं एकदा कृतज्ञतेनं मरळ मासा आणून दिला. घर माळकरी. त्यांनी मासा परत केला आणि तिलाच चहा पाजला. भाजीवाल्याशी घासाघीस करताना मी त्यांना कधी बघितलं नाही. ऑफिसातला चहा बहुतेक त्यांच्याच खिशातून यायचा. कंजूषपणा फक्त रेल्वेपुरता. तिथं मात्र ते हट्टाला पेटायचे, आणि त्या हट्टाला काडी लावायला आम्ही सगळे तयारच असायचो. मी सगळ्यांत पुढं.

त्यांची एकुलती एक लेक बडोद्याला दिलेली. जावई तिथल्या कारखान्यात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. मग वहिनींनीच तिकडं जायचं ठरलं. त्या डिंकाचे लाडू वळत होत्या तोवर फोन आला, दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. सासूबाई जवळ होत्या, सगळं नीट पार पडलं. वहिनी त्याच दिवशी निघायला उठल्या.

भाऊसाहेबांनी त्यांना खाली बसवलं. आता जायचं आणि दोन आठवड्यांनी परत बारशाला जायचं, अशा दोन खेपा कशाला? एकदम बारशालाच जाऊ. वहिनी कशालाही नाही म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. दोन आठवडे त्यांनी नात फोनवर बघितली.

त्या दोन आठवड्यांत त्यांनी कुंची शिवली. आमच्याकडं पहिल्या लेकराला पाळण्यात घालताना त्याच्या डोक्यावर आजोळची कुंची असते. डोक्यावरून पाठीवर येणारी, जरीची. वहिनींनी ती आपल्या लग्नातल्या शालूचा काठ काढून हातानं शिवली आणि मुद्दाम आमच्या घरी दाखवायला आणली. "रविवारी बारा वाजता पाळणा हाय," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "कुंची मी घालणार. तवर लेकराला हात लावला न्हाई तरी चालंल मला, पर कुंची मीच घालणार." इतकी लांब वाक्यं वहिनींच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.

आणि मी काय केलं? स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर पैज लावली. "भाऊसाहेब, शुक्रवारी निघायचं, रविवारी बारशाला हजर व्हायचं. दोघांचं जाणं पाचशेच्या आत करून दाखवा. केलंत तर सगळ्या स्टाफला भजे माझ्याकडून."

शहाण्या माणसानं हसून सोडून दिलं असतं.

"पाचशेच्या आत?" भाऊसाहेब म्हणाले. "लिहून ठिवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर खडूनं सगळा प्रवास मांडून दाखवला. परभणी ते बडोदा एकच लांबचं जनरलचं तिकीट. मनमाडला गाडी बदलायची, जळगावला बदलायची, सुरतेला बदलायची. दोघांचे मिळून चारशे ऐंशी. भाकरी-चटणी घरची, पाणीसुद्धा घरचं. रविवारी सकाळी दहाला बडोदा. हेडमास्तरांनी विचारलं, "वहिनींना दोन दिवस जनरलच्या डब्यात बसवणार?" भाऊसाहेब फळा पुसत म्हणाले, "त्यांला काय, सवय हाय." आम्ही सगळे हसलो. त्यांना जनरलच्या डब्याची सवय कुठून असणार, त्यांचा प्रवास एसटीनं परभणीपर्यंतचा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी ते शाळेत हजर झाले. आम्ही वाटच बघत होतो. त्यांनी खिशातून तिकीट काढून टेबलावर ठेवलं. चारशे ऐंशी. हेडमास्तरांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पैज हरलो होतो, लगेच भजे मागवले. गरम भजे, वर तळलेल्या मिरच्या. कुणी म्हणालं, भाऊसाहेबांना रेल्वेमंत्री करा. कुणी म्हणालं, नको, रेल्वे बुडेल. भाऊसाहेबांनी दोन भजे खाल्ले आणि काम आहे म्हणून उठले. प्रवासानं थकले असतील असं आम्हाला वाटलं. त्यांच्या वाट्याचे भजे मीच संपवले.

आठवड्याभरानं वहिनी बाजारात भेटल्या. मी म्हटलं, "काय वहिनी, नातीची जिलबी कुठंय? बारसं जोरात झालं म्हणे."

"कोण म्हणलं?" त्यांनी विचारलं.

कुणीच म्हणालं नव्हतं.

"ह्यांनी सांगितलं न्हाई का तुमाला?" त्या म्हणाल्या. मग भाजीच्या गाड्याशेजारी उभ्या उभ्या, आवाज न चढवता त्यांनी सांगितलं. सुरतेपर्यंत सगळं फळ्यावर मांडल्यासारखं झालं. सुरतेला सकाळी सातला उतरले. जी साधी गाडी धरायची होती तिच्या जनरलच्या डब्याला दारापर्यंत माणसं लटकलेली. हातात लाडवांचा डबा, बाळंतविड्याची पिशवी. वहिनींना चढताच आलं नाही. गाडी निघून गेली. अर्ध्या तासात दुसरी लागली.

"समोर हुबी होती, सर. बसायला जागा व्हती. दोन तासांत पोचवणारी. हे म्हणाले, ही सुपरफास्ट हाय, आपल्या तिकिटावर चालत न्हाई, माणशी पंधरा रुपये जास्त भरावं लागत्यात. मी म्हणलं, भरा. तर म्हणाले, तीस भरले की पाचशे दहा होत्यात. सर हासतील."

सर म्हणजे मी.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बाकड्यावर बसलो. दुपारच्या साध्या गाडीनं गेलो. पोचलो तवा चार वाजून गेले व्हते. बाया जेवूनखाऊन गेल्या व्हत्या. पाळण्याची फुलं काढायलते. लेकरू दुकानातलं टोपडं घालून झोपलं व्हतं." वहिनींनी पिशवीतली मेथीची जुडी नीट केली. "लेक निस्तं म्हणली, आई, तू जेवून घे."

मी विचारायला नको ते विचारलं. "आणि कुंची?"

"ती एकदाच घालायची आसती, सर."

मी भाजी न घेताच घरी आलो. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. कुणाचा ते मी तेव्हा ठरवू शकलो नाही, म्हणून सोयीचा माणूस धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन म्हटलं, "भाऊसाहेब, आम्ही टाळ्या वाजवत होतो, भजे खात होतो. तेव्हा तुम्ही हे का नाही सांगितलं?"

ते हजेरीच्या मस्टरवर रेघा मारत होते. पट्टी हलू न देता त्यांनी रेघ पुरी केली.

"तुमी पैशाचंच इचारलं, सर," ते म्हणाले. "बारशाचं कुणी इचारलंच न्हाई."

चूक त्यांची होती, हे मी आजही म्हणेन. तीस रुपयांसाठी जो माणूस बायकोला बाकड्यावर बसवतो त्याची बाजू मी घेणार नाही. पण तो तीस रुपयांसाठी बसला नव्हता, स्टाफरूमच्या हशाला भिऊन बसला होता, आणि तो हशा पिकवण्याचं काम शाळेत मी करत होतो. पगार भूगोलाचा घेऊन.

वहिनींनी भांडण केलं नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवता आलं असतं. त्या अजूनही अर्ध्या तिकिटात परभणीच्या खिडकीवर जात, पण आता पिशवीत एकच फॉर्म असे, त्यांच्या स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरातला. दोन-तीन महिन्यांनी एकदा स्लीपरचं, खालच्या बर्थचं तिकीट काढून त्या एकट्या बडोद्याला जाऊन येत. भाऊसाहेब त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायचे. स्वतः जायचे ते वेगळ्या आठवड्यात, जनरलनं. एका घरातली दोन माणसं एकाच लेकीकडं वेगवेगळी जातात, याची गल्लीत चर्चा झाली. मी तिथं तोंड उघडलं नाही.

पुढच्या वर्षी भाऊसाहेब निवृत्त झाले. शाळेत सपत्नीक सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. त्याच आठवड्याच्या शेवटी नातीचा वाढदिवस होता. मी सगळ्यांकडून वर्गणी काढून दोघांची एसीची तिकिटं काढली होती, परभणी ते बडोदा, मनमाडला एकदाच बदल. टाळ्यांच्या गजरात पाकीट दिलं. आपण केलेलं निस्तरलं, असं मला मनातून वाटत होतं.

कार्यक्रम संपल्यावर वहिनी माझ्याकडं आल्या. पाकिटातलं आपलं तिकीट त्यांनी वेगळं काढून हातात धरलं होतं.

"चांगलं केलंत, सर. पर माझं मी काढलंय. उद्याचं."

"अहो, पण आता दोघंजण सोबत..."

"ह्यांच्यावर राग न्हाई माझा. निस्तं एकदा ह्यांच्या तिकिटावर गेले, तेवढं बस झालं."

"वहिनी, हे त्यांचं तिकीट नाही. हे आमच्याकडून आहे."

"तवाबी तुमच्याकडूनच व्हतं की," वहिनी म्हणाल्या, आणि तिकीट माझ्या हातात देऊन महिला शिक्षकांच्या घोळक्यात निघून गेल्या.

मी भाऊसाहेबांना शेवटचं बघितलं ते त्या शनिवारी, आम्ही दिलेल्या तिकिटावर ते वाढदिवसाला एकटेच निघाले तेव्हा. नंतर ते बडोद्यालाच राहिले, जिंतूरचं घर भाड्यानं गेलं. मोटारसायकलवर मागं बसवून मी त्यांना परभणीला नेलं. वाटेत म्हटलं, "वहिनींचं तिकीट अजून रद्द करता येईल. थोडे कापून घेतात, बाकीचे परत मिळतात." रेल्वे किती कापून घेते यावर हा माणूस एरवी तासभर बोलला असता.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

दिवसाची गाडी होती, खुर्च्यांचा एसी डबा. त्यांची पिशवी ठेवायला मी आत चढलो. एक जागा खिडकीची, एक तिच्या शेजारची. खिडकीची वहिनींच्या नावावर होती. भाऊसाहेब शेजारच्या खुर्चीत अवघडून बसले. डबा भरत आला. एका माणसानं थांबून विचारलं, "काका, खिडकीत कुणी हाय का?"

"हाय," भाऊसाहेब म्हणाले.

त्या माणसानं रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, भाऊसाहेबांकडं बघितलं आणि पुढं गेला. मी हळूच म्हटलं, "तुम्ही तरी बसा खिडकीत. मनमाडपर्यंत मोकळीच जाणार ती."

"मंडळींची जागा हाय ती," ते म्हणाले. मग बसल्या जागेवरून हात लांब करून त्यांनी त्या खिडकीचा पडदा बाजूला सारला, बाहेरचं नीट दिसेल इतका. गाडीनं शिट्टी दिली आणि मी खाली उतरलो.